डब्यावरची बारीक अक्षरं

७ फेब्रुवारी

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आज सांगितलं, बोक्याचं रोजचं लिहून ठेवत जा. किती खाल्लं, किती पाणी प्यायला, किती वेळा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन आला. येताना दुकानातून एकाऐवजी दोन वह्या घेतल्या. एक स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली, ती साहेबांची. ही दुसरी माझी. हे सात महिन्यांसाठी जहाजावर, लेक वसतिगृहात. घरात मी, सासूबाई आणि साहेब. साहेब म्हणजे आमचा बोका. चालणं, बसणं, जेवायला उशीर झाल्यावर बघणं, सगळं एखाद्या मोठ्या अधिकाऱ्यासारखं, म्हणून लेकीने हे नाव ठेवलं. आम्ही त्याला अहोजाहोच करतो. सासूबाई सोडून. त्या ‘हा मेला’ म्हणतात.

गेले तीन आठवडे साहेब पाण्याच्या भांड्यापासून हलत नव्हते. खाणं दुप्पट आणि अंग निम्मं. परवापासून मागच्या पायांच्या टाचा टेकवून चालायला लागले, सपाता ओढत चालावं तसे. आज तपासलं. मधुमेह.

मांजरांना मधुमेह होतो हे मला माहीतच नव्हतं. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन. आणि कोरडा खाऊ हळूहळू बंद. ‘मांजर हा मांस खाणारा प्राणी आहे,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘भरपूर प्रथिनं, धान्य नाही, पिष्ट जवळजवळ शून्य. खाणं जमलं तर काही मांजरांचं इंजेक्शन सुटतंसुद्धा.’ त्यांच्या फळीवर असा एक डबा होता. महिन्याचा हिशेब विचारला. माझ्या पगाराचा पाव हिस्सा. मी डबा जागच्या जागी ठेवला, लेबल पुढे करून, जसा होता तसा.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. सासरे गेल्यापासून, म्हणजे वर्षभर, त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असतात. विचारलं तर ‘हं’ म्हणतात. आज म्हणाल्या, ‘साखर किती आली?’

मी आकडा सांगितला. त्यांनी खुर्ची वळवली आणि साहेबांकडे बघत बसल्या.

१० फेब्रुवारी

इंजेक्शनचं काही खरं नाही. चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर काचा घासते, केसाएवढा फरक मला डोळ्यांनी कळतो, आणि सुई हातात घेतली की हात लटपटतात. सासूबाईंनी आज साहेबांना मांडीत आवळून धरलं. ‘सुईकडे बघू नकोस. कातडीकडे बघ. चिमटीत धर, तंबू कर, आत जा.’ गेली. साहेबांना पत्ताही लागला नाही.

‘जमलं, आई!’

‘हं. आता तू खा. सकाळपासून उभी आहेस.’

सकाळपासून मी काय काय करत नाही, यावर त्यांचं बारीक लक्ष असतं. बावीस वर्षं एका घरात काढली, पण त्यांच्या मनासारखं माझ्याकडून कधी काही झालं नाही. मार्चअखेर त्या ताईंकडे, म्हणजे माझ्या नणंदेकडे, कायमच्या राहायला जाणार आहेत. वही माझी आहे म्हणून लिहिते, हे ठरलं तेव्हा मला बरं वाटलं होतं.

११ फेब्रुवारी

आज फुशारकीने घरी आले आणि तोंडावर पडले.

कोपऱ्यावरच्या प्राण्यांच्या खाऊच्या दुकानात एक पाकीट मिळालं. वर मोठ्या सोनेरी अक्षरांत ‘ग्रेन फ्री’ आणि खाली ‘हाय प्रोटीन’. पाकिटावरचं मांजर वाघासारखं. परवडेल असंही. सासूबाईंसमोर ठेवलं.

त्यांनी ते उलटं केलं. मागची अक्षरं मुंगीएवढी. ‘तुझ्या दुकानातलं भिंग आहे ना पर्समध्ये? दे.’

भिंगातून त्या बराच वेळ वाचत होत्या. मग म्हणाल्या, ‘दुसऱ्या नंबरावर बटाटा आहे.’

‘पण बटाटा धान्य कुठे आहे?’

‘धान्य नाही म्हणून तो मांस झाला का? तिसरा वाटाणा आहे. चौथा साबूकंदाचा स्टार्च. नाव बदलून तीच साखर आत आली.’ त्यांनी पेन्सिल मागितली आणि पाकिटावरच आकडे मांडले. ‘प्रथिनं तीस, चरबी बारा, पाणी दहा, चोथा चार, राख आठ.’

‘राख कशाला घालतात?’

‘घालत नाहीत गं. अन्न जाळल्यावर जे क्षार उरतात ती राख. बेरीज कर.’

‘चौसष्ट.’

‘शंभरातून गेले चौसष्ट, उरले छत्तीस. ते छत्तीस कुणी छापत नाही. ते पिष्ट. या मेल्याला छत्तीस टक्के पिष्ट देऊन वर इंजेक्शन द्यायचं, म्हणजे एका हाताने भरायचं आणि दुसऱ्या हाताने उपसायचं.’

मी बघतच राहिले. पाकिटाकडे नाही, त्यांच्याकडे.

१३ फेब्रुवारी

सासूबाई रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या हे मला माहीत होतं. मला वाटायचं, भांडी, पोळपाट, मोठी पातेली. आज विचारलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

एकतीस वर्षं. त्यातली शेवटची अठरा वर्षं पथ्याच्या थाळ्यांची सगळी जबाबदारी त्यांच्यावर. साखरवाले, किडनीवाले, ऑपरेशन झालेले. रोज दोनशे चाळीस थाळ्या, आणि कुठल्या खाटेला काय चालत नाही हे तोंडपाठ. एकदा एका नव्या डॉक्टरने चुकीचं पथ्य लिहून दिलं. सासूबाईंनी थाळी पाठवलीच नाही, तीन जिने चढून स्वतः विचारायला गेल्या. ‘मग?’ मी विचारलं. ‘मग काय. त्याने कागद फाडला आणि दुसरा लिहिला. पुढे रोज सकाळी मला नमस्कार करायचा.’

हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकत होते की ओळखू येईनात. एवढं शहाणपण माझ्या घरात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होतं आणि मी त्यांना फक्त ‘चहा देऊ का’ विचारत होते.

१५ फेब्रुवारी

सासूबाईंचं म्हणणं, कोंबडी उकडून देऊ, तेच स्वस्त. डॉक्टरीणबाईंकडे दोघी गेलो. त्यांनी समजावलं, नुसत्या उकडलेल्या मांसात कॅल्शियम पुरेसं नसतं, आणि मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं. ते कमी पडलं तर हृदय आणि डोळे जातात. चार दिवस चालेल, कायमचं नाही.

मला वाटलं आता सासूबाई वाद घालतील. त्या म्हणाल्या, ‘हे मला ठाऊक नव्हतं. लिहून द्या.’ चुकलं हे इतक्या सरळ कबूल करणारं माणूस मी आमच्या दुकानात एकही पाहिलेलं नाही, मालकांसकट.

निघताना डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, ‘ज्या दिवशी कोरडा खाऊ पूर्ण बंद होईल त्या दिवशी मला फोन करा. पिष्ट कमी झालं की इंजेक्शनही कमी करावं लागतं. विसरू नका.’

‘नाही विसरणार.’

१६ फेब्रुवारी, रविवार

आज कोपऱ्यावरच्या खाऊच्या दुकानात सासूबाईंना घेऊन गेले. वर्षभरात त्या पहिल्यांदा अशा नटून बाहेर पडल्या. ठेवणीतलं निळं पातळ, केस नीट बांधलेले, हातात माझं भिंग.

दुकानदार म्हणजे पोटापर्यंत दाढी असलेला अगडबंब माणूस. मी मनात त्याला दाढीवाला म्हणते. त्याने आधी सगळ्यात महाग डबा पुढे केला. सासूबाईंनी वाचला, खाली ठेवला. ‘ग्रेव्हीत तुकडे. ग्रेव्ही घट्ट कशाने केली? स्टार्चने. दुसरा दाखवा.’

दुसरा. तिसरा. सातवा. दाढीवाल्याच्या कपाळावर घाम. माझ्यामागे दोन गिऱ्हाइकं थांबली होती, तीही आता ऐकत होती. एक डबा मला आवडला, स्वस्त होता. सासूबाईंनी कोपऱ्यातल्या एका शब्दावर भिंग धरलं. ‘पूरक आहार. म्हणजे वरखाऊ. यावर तो जगणार नाही. “संपूर्ण आहार” लिहिलेलं हवं.’

शेवटी त्या खाली बसल्या. अक्षरशः, गुडघ्यांवर हात ठेवून, जमिनीवर. सगळ्यात खालच्या फळीवर मागे धूळ खात काही साधे डबे होते, चित्र नाही, सोनेरी अक्षरं नाहीत. कोंबडी आणि काळजाचा नुसता लगदा. मी वाचून बघितलं आणि हिरमुसले. ‘आई, यात प्रथिनं अकराच आहेत. त्या पाकिटात तीस होती.’

‘पाणी काढून टाक की आधी! शंभरात एक्याऐंशी पाणी आहे. उरले एकोणीस. एकोणिसात अकरा, म्हणजे अर्ध्याहून जास्त. त्या पाकिटात नव्वदात तीस, म्हणजे तिसरा हिस्सा. आता बाकीची बेरीज कर.’

अकरा, पाच, एक्याऐंशी, दोन, अर्धा. साडेनव्व्याण्णव. पिष्ट उरलं अर्धा टक्का. टॉरिन लिहिलेलं. ‘संपूर्ण आहार’ लिहिलेलं. किंमत डॉक्टरीणबाईंच्या डब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी.

‘हे कुणी नेत नाही हो,’ दाढीवाला म्हणाला. ‘चित्र नाही ना वर.’

‘मांजर चित्र बघून खातं का?’ सासूबाई म्हणाल्या. मागची दोन्ही गिऱ्हाइकं हसली आणि त्यातल्या बाईने आपल्या हातातलं पाकीट पुढे केलं, ‘आजी, जरा हे बघता का?’

पुढचा पाऊण तास मी पिशवी धरून उभी होते. सासूबाई लेबलं वाचत होत्या. खोक्याने घेतले तर आणखी कमी भावात देतो, असं दाढीवाला आपणहून म्हणाला.

२० फेब्रुवारी

साहेबांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि निघून गेले. तीनदा. मी रडकुंडीला आले. सासूबाई शांत. ‘दोनशे चाळीस माणसांना अळणी सूप प्यायला लावलंय मी. हा कोण लागून गेला.’ लगदा वाटीत घालून वाटी कोमट पाण्यात ठेवली, वास सुटेपर्यंत. वर जुन्या कोरड्या खाऊचा चुरा भुरभुरवला. रोज चुरा चिमूटभर कमी आणि लगदा चमचाभर जास्त.

साहेब खाताहेत. आपल्याला फसवलं जातंय हे त्यांच्या गावीही नाही.

२४ फेब्रुवारी

आज चुरा शून्य. वाटी चाटूनपुसून साफ. दुकानात एकाच दिवशी चाळीस चष्म्यांचं काम आलंय, कुठल्याशा कारखान्याचं. पाठ मोडली.

२६ फेब्रुवारी

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी नेहमीसारखं इंजेक्शन देऊन मी कामावर गेले. साडेअकराला मालकांनी हाक मारली, घरून फोन. सासूबाई. ‘ये. लगेच ये. येताना गाडी घेऊनच ये.’ त्यांचा आवाज इतका सपाट होता की मी हातातली काच तशीच टाकून निघाले.

दार उघडं. सासूबाई स्वयंपाकघराच्या फरशीवर बसलेल्या, साहेब त्यांच्या मांडीत, डोळे उघडे पण कुठेच बघत नव्हते, पाय झटके देत होते. सासूबाईंच्या बोटाला मध लागलेला. थेंब थेंब त्या साहेबांच्या हिरडीला चोळत होत्या. ‘साखर उतरली आहे. पार खाली गेली आहे. घशात ओतायचं नाही, ठसका लागेल. चोळायचं.’ आणि मग साहेबांना, अगदी हळू, ‘गीळ रे बाळा. गीळ.’

गाडीत बसेपर्यंत साहेबांनी मान उचलली होती. डॉक्टरीणबाईंनी ग्लुकोजची सुई लावली, तासाभराने साहेब म्याव म्हणाले. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘कोरडा खाऊ कधी बंद केला?’

परवा. परवा मला फोन करायचा होता. परवा चाळीस चष्मे होते. माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत सासूबाई म्हणाल्या, ‘चूक माझी. ही मला फोन कर म्हणून सांगून गेली होती. मी विसरले. वय झालं.’

मी असं काही सांगितलं नव्हतं. घाबरल्यामुळे त्यांचा गोंधळ झाला असेल. पण मी तिथे गप्प राहिले, आणि ते मला आता गिळवत नाही.

२७ फेब्रुवारी

सकाळी दुकानात पोचल्याबरोबर डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हटलं, सासूबाईंची काही चूक नाही, फोन करायचं मीच विसरले.

त्या हसल्या. ‘माहीत आहे. काल तुम्ही गाडी बघायला बाहेर गेलात तेव्हा त्या म्हणाल्या, उद्या ती फोन करेल. तिला रागावू नका, ती खूप दमते.’

फोन ठेवून मी थोडा वेळ काचा घासल्याच नाहीत. सासूबाईंना हे कसं कळलं, कोण जाणे. थाळ्या पाठवणारं माणूस, समोरच्याला काय पचणार नाही हे त्यांना कळत असावं.

इंजेक्शन निम्मं केलं आहे.

९ मार्च

पाणी निम्म्यावर आलं. साहेबांच्या वहीत सासूबाईंनी रेघा आखून तक्ता केलाय. मी कधीमधी तो बघत उभी राहते. एकही आकडा खोडलेला नाही.

रविवारी त्या दाढीवाल्याकडे जातात. त्याने त्यांच्यासाठी स्टूल ठेवलंय. लोक पाकिटं घेऊन येतात. कुत्रेवालेसुद्धा. कुत्रेवाल्यांना त्या सांगतात, ‘मला कुत्र्यातलं कळत नाही, डॉक्टरांना विचारा.’ हे मला फार आवडलं.

१७ मार्च

सासूबाईंच्या डोळ्यांचा नंबर मी स्वतः तपासला आणि चष्मा केला. बारीक वाचण्यासाठी खालची काच जरा मोठी ठेवली, त्यांची मान कशी झुकते ते बघून. मालक म्हणाले, गिऱ्हाइकांसाठी एवढा जीव ओतत नाहीस. सासूबाई म्हणाल्या, ‘कशाला खर्च केलास? भिंग होतं की.’ नाराजच झाल्या असं वाटलं. पण चष्मा उतरवला नाही. जेवतानाही नाही, आणि जेवताना वाचायचं काय असतं?

२६ मार्च

ताईंचा फोन आला, रविवारी गाडी घेऊन येऊ का. सासूबाई म्हणाल्या, ‘आता कशी येऊ? इंजेक्शनला याला कोण धरणार? हिचे हात लटपटतात.’

माझे हात महिनाभरात एकदाही लटपटलेले नाहीत. मी एकटी व्यवस्थित देते, त्यांनीच शिकवलंय. पण बोलले नाही. साहेबांवर किती जीव जडलाय त्यांचा! वर्षभर ‘मेला मेला’ म्हणत होत्या.

एप्रिलच्या मध्याचं ठरलं.

४ एप्रिल

साहेब आज कपाटावर चढले. उडी मारून. टाचा वर, शेपटी वर. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या आणि मग एकमेकींकडे बघून ओशाळलो.

१२ एप्रिल

दोन आठवडे इंजेक्शनची मात्रा अगदी थेंबभर होती. आज डॉक्टरीणबाईंनी दिवसभर तपासून सांगितलं, बंद करा. साखर आपली आपण जागेवर राहतेय. ‘परत येऊ शकते. खाणं हेच ठेवा आणि महिनाभर नीट लक्ष ठेवा.’ मग सासूबाईंना म्हणाल्या, ‘औषध मी दिलं. पण हे तुमचं काम आहे. तुमचा तो तक्ता मला द्याल का? दुसऱ्यांना दाखवीन.’

सासूबाई मान खाली घालून पिशवीचा बंद सोडत-बांधत राहिल्या. ‘तो हिच्या अक्षरात उतरवून देते,’ म्हणाल्या. ‘तिचं अक्षर चांगलं आहे.’

माझं अक्षर त्यांना चांगलं वाटतं, हे आज कळलं.

घरी आल्यावर लेकीला फोन केला. ती तिकडे रडली, मी इकडे. यांना जहाजावर निरोप पाठवला. मग आठवलं, आता इंजेक्शन नाही, म्हणजे आता त्या जाणार. मला आनंद व्हायला हवा होता. फेब्रुवारीत मीच तसं लिहिलंय, मागे जाऊन वाचलं. ते पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही. लिहिलं ते लिहिलं.

त्यांना राहा म्हणायचं कुठल्या तोंडाने? तिकडे त्यांची मुलगी आहे, मोठं घर आहे, नातवंडं आहेत. इथे काय, एक खुर्ची आणि मी.

१९ एप्रिल, रविवार

कालपासून सासूबाईंची मोठी बॅग दाराशी उभी होती. भरायला मदत करू का म्हटलं, तर म्हणाल्या, ‘माझं मी करते.’

ताई अकराला आल्या. गाडी खाली, चालक गाडीतच. मी चहा केला. साहेब ताईंच्या मांडीवर चढू बघत होते, ताई पदर सावरत होत्या. ‘अगदी ठणठणीत झाला की गं हा,’ ताई मला म्हणाल्या. ‘आई, आता निघायला हरकत नाही ना?’

‘ठणठणीत आहे,’ सासूबाई म्हणाल्या. ‘पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, तीन महिने लक्ष ठेवायला हवं. पाणी, वजन, सगळं मोजायचं. उलटू शकतं ते.’

डॉक्टरीणबाईंनी महिना सांगितला होता. मी शेजारीच उभी होते.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. ‘खरंच का गं?’

‘नाही,’ मी म्हटलं.

सासूबाईंनी कप खाली ठेवला.

‘सहा महिने म्हणाल्या त्या. आई, तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल.’

शेजारच्या घरात चमचा पडला तरी कुठला पडला ते सांगणारी बाई ही. त्यांनी नव्या चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ.

‘असेल,’ त्या म्हणाल्या. ‘हल्ली कमीच ऐकू येतं मला.’

ताई थोड्या रागावल्या, मग हसल्या, मग दिवाळं निघालेल्या माणसासारखा चेहरा करून म्हणाल्या की एका बोक्यासमोर आपलं काही चालत नाही. जेवून गेल्या. आम्ही दोघी खिडकीतून गाडी वळेपर्यंत बघत होतो.

‘ती बॅग वर टाक बाई,’ सासूबाई म्हणाल्या. ‘येताजाता पायात येते.’

मी दोन्ही हातांनी जोर लावून बॅग उचलली आणि मागे कोलमडले, इतकी हलकी. उघडून पाहिलं. आत काहीच नव्हतं. एक रुमालसुद्धा नाही.

‘आई, ही तर रिकामीच आहे!’

‘मग बरं झालं, उचलायला सोपी,’ त्या म्हणाल्या, आणि साहेबांचा डबा उघडायला आत गेल्या.